नाव काय टुझं

माझ्या झिलाला, माझ्या पोराला, मठ्ठ म्हणणाऱ्याचं तोंड मी आजही फोडीन. आनंदा मठ्ठ नव्हता. भित्रा होता, हे कबूल करते, आणि तो भित्रेपणा त्यानं माझ्याकडूनच घेतलेला. त्या सालात लालबागेत जो भीत नव्हता तो एक तर खुळा होता, नाहीतर मेलेला होता.

पिलेगाचं साल ते. पण पिलेग मागाहून आला. आनंदाचं शाळेतलं दुखणं त्याच्या आधीचं, म्हणून तिथूनच सांगते.

नवरा गिरणीत पट्ट्यात सापडून गेला तेव्हा आनंदा पाळण्यात होता. रडत बसून माझं भागणार नव्हतं. चाळीच्या तळमजल्यावरची खोली होती, तिच्यात खानावळ घातली. आमच्या कुडाळकडची गिरणीतली माणसं माझ्याकडे जेवायची, त्यांतली काही तिथंच पथारी टाकायची. माझा थोरला भाऊ गुणाजी त्यांत होता, कापडाच्या साच्यावर कामाला. रघुवीर होता, गावच्या शाळेत दोन यत्ता शिकलेला. आमच्यात वाचता येणारा तो एकटा, आणि त्याचा त्याला काय तो ताठा. आणि दगडू होता, सूतखात्यातला. त्याच्या आईची आधीची पोरं जगली नव्हती, म्हणून ह्याचं नाव दगडू ठेवलेलं, म्हणजे मरणानं ह्याच्याकडे ढुंकून बघू नये. बघण्यासारखा नव्हताच मेला. दात पुढे, कान सुपाएवढे. पण त्यानं तोंड उघडलं की जेवणारा माणूस हसून हसून ठसकायचा.

आनंदाला गिरणीत घालायचं नाही, शिकवायचं, हे सगळ्यांनी मिळून ठरवलेलं. गावाहून पत्र आलं की रघुवीरच्या मिनतवाऱ्या कराव्या लागायच्या, त्याला सगळे विटले होते. गिरणीतला मुकादम येऊन विचारून गेला, पोरगा अर्ध्या दिवसाच्या कामाला दे. मी म्हटलं, बाप दिला तुम्हांला, तेवढं पुरे झालं. मग पुन्हा नाही आला.

म्युनसिपालटीच्या शाळेत नाव घातलं. तिथले मास्तर उंचेपुरे, अंगात लांब काळा कोट, डोक्याला पगडी, हातात छडी. आनंदाला त्यांनी पहिल्याच दिवशी पाटीवरचं अक्षर विचारलं आणि ते पोर उभ्याउभ्या थिजलं. कसं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. डोळे वर आढ्याला लागायचे. ओठ हलायचे पण आवाज नाही. मग जीभ जाड झाल्यासारखा काहीतरी घोगरा आवाज निघायचा, त्याचा अर्थ कुणाला कळणार नाही. आणि ते झुलायला लागायचं, ताडी प्यालेल्या माणसासारखं. कोट घातलेला, पगडीवाला, टोपीवाला, कुणीही हुद्द्याचा माणूस समोर आला की असंच. घरी मात्र तोंडाची टकळी बंद नसायची.

"दगड आहे हा," मास्तर म्हणाले, आणि हातावर छड्या दिल्या.

संध्याकाळी तळहात लाल करून आला तेव्हा मी शाळेवर जायला निघालेच होते, मास्तराला चांगलं फैलावर घ्यायला. दगडूनं वाट अडवली. आनंदाला त्यानं मांडीवर घेतलं नि म्हणाला, "काय म्हणाला मास्तर? दगड? मग तू माझा सख्खा झालास. मी दगडू, तू दगड. आपल्याला काय होत नाय. दगडाला कोण खातो?" पोर हसलं. मी चुलीकडे तोंड फिरवलं.

मला एक दिसायचं. हे पोर मला वाढायला मदत करी, आणि कोण कुठं बसतो, कोणाला सुकट नको, कोण सोमवार धरतो, कुणाला भातावर पिठी लागते नि कुणाला शेजारी वेगळी, यात त्याची एकदाही चूक होत नसे. माणसं त्याला कधी चुकायची नाहीत. पाटीवरची अक्षरं तेवढी चुकायची. मग मी रघुवीरला म्हटलं, अक्षरं माणसांच्या डोक्यावर बसव की.

रघुवीरनं दगडूच्या तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेतला आणि प्रत्येकाच्या बसायच्या जागेवर, धुरानं काळ्या झालेल्या भिंतीवर, त्याच्या त्याच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं. गुणाजीच्या डोक्यावर ग. स्वतःच्या डोक्यावर र, तो जरा मोठाच काढला. कोपऱ्यात पाण्याच्या पिंपाशेजारी दगडू बसे, तिथं द. मग पंगतीला मी सांगायचे, "ग ला आमटी घाल. र ला भात." आनंदा अक्षराकडे बघायचा, खालच्या माणसाकडे बघायचा, आणि वाढायचा. आधी द दाखवला की "दगडूमामा" म्हणायचा. रघुवीर ओरडायचा, "मामा नको, नुसता द म्हण." दगडू म्हणायचा, "असू दे रे, मामाशिवाय द उभा राहत नाय."

आणि खरंच बसली अक्षरं. वाण्याच्या पाटीवर, पोत्यावर, कुठंही द दिसला की आनंदा बोट दाखवायचा. घरात सगळं येतंय, शाळेत काही नाही. मास्तरांनी निरोप पाठवला, डिपुटीसाहेब परीक्षा घ्यायला येतील, त्यात हा असाच उभा राहिला तर पटावरून नाव काढावं लागेल. तेव्हा मला वाटलेलं, याहून मोठी भीती ती काय असणार.

मग उंदीर पडायला लागले. आधी गोदीकडे, मग आमच्या चाळीत. जिन्याखाली मेलेला उंदीर दिसला की बायका पोरांना कडेवर घेऊन आत पळायच्या. माणसाला ताप भरायचा, काखेत नाहीतर जांघेत गाठ यायची, आणि आटोपायचं. शेजारच्या खोल्यांना कुलपं लागली. जो तो बोचकं बांधून गावाकडे. गिरणीचा भोंगा व्हायचा पण निम्मी माणसं जायची नाहीत, आणि जी जायची ती एकमेकांकडे वेड्यासारखी बघायची, कोण खोकतो, कोण डोळे चोळतो.

माझी धाबी दणाणली होती, खोटं कशाला बोलू. चुलीवर भात शिजत असायचा नि मी माझीच काख चाचपायचे. आनंदाच्या कपाळाला हात लावायचे, चटका बसल्यासारखा मागे घ्यायचे, पुन्हा लावायचे. पोर वैतागायचं. "आये, सारखं काय गो?"

पण पिलेगाहून माणसं तपासणीवाल्यांना जास्त भ्यायची. गोरा डॉक्टर, त्याच्याबरोबर सोल्जर, एक कारकून दुभाषा, वॉर्डाचा शिपाई, असे चाळीत शिरायचे. ज्याच्यावर संशय त्याला गाडीत घालून तापाच्या इस्पितळात. बाकीच्या घराला छावणीत. इस्पितळात गेलेलं माणूस परत आलेलं आमच्या चाळीनं पाहिलं नव्हतं.

समोरच्या राधाबाईची सून नलू. नवीन लग्न झालेली, लाजरी, सासऱ्यासमोर पाण्याचा तांब्यासुद्धा भिंतीकडे तोंड करून ठेवायची. तपासणीवाले आले तेव्हा राधाबाईनं तिला मोठ्या पेटीत लपवलं. सोल्जरनं पेटी उघडली. डॉक्टरानं तिला नाव विचारलं. परका बाप्या, तो गोरा, नि भर चाळीसमोर नाव सांग म्हणतो. नलूच्या तोंडून शब्द फुटेना. उभी राहिली ती लटपटायला लागली. तिला नेली. राधाबाई माझ्यासमोर छाती बडवत होती, "तिला ताप नव्हता गो, नुसती घाबरली होती." ताप होता की नव्हता देवाला ठाऊक. नलू परत आली नाही.

त्या रविवारी गुणाजी वॉर्डाच्या शिपायाला भेटून आला. शिपाई आमच्याच गावाकडचा. गुणाजी आला तो जेवायला बसेना. मी विचारलं काय झालं, तर आधी आनंदाकडे बघून म्हणाला, याला बाहेर पाठव.

मग म्हणाला, "जाई, ते गाठ मागाहून बघतात. कामावर जाणाऱ्या बाप्याचं नुसतं मनगट धरतात, बायकापोरांना आधी बोलायला लावतात. पिलेगवाल्याची जीभ जड होते. नाव विचारलं तर पुटपुटतो, डोळे फिरवतो, उभा राहिला की प्यालेल्यासारखा झुलतो. असं दिसलं की उचलायचं, असा हुकूम आहे."

गुणाजीनं सांगितलेलं सगळं आम्ही रोज बघितलेलं होतं. तो पिलेग नव्हता, आमचा आनंदा शाळेत असा उभा राहायचा. काखेत गाठ नसताना, अंगात ताप नसताना, माझं धडधाकट पोर नुसतं नाव सांगता आलं नाही म्हणून गाडीत घालून नेणार, आणि तिथं कोट घातलेली माणसं त्याला पुन्हा पुन्हा नाव विचारणार.

"गावाला जातो आम्ही," मी म्हटलं.

"धक्क्यावर बोटीत चढायच्या आधी हाच डॉक्टर उभा असतो," रघुवीर म्हणाला. "हेच विचारतो."

"मग लपवते."

"नलूला लपवलीच होती की," गुणाजी म्हणाला.

तेव्हा दगडू उठला. भाताचं रिकामं पातेलं डोक्यावर घातलं, हातात पळी घेतली, आनंदाला आत बोलावलं आणि त्याच्यासमोर छाती काढून उभा राहिला. नाकातून बोलला, गोऱ्यासारखा. "काय रे गाढवा, नाव काय टुझं?"

आनंदा फिदीफिदी हसला. "आनंदा."

"कुठं राटोस?"

"जाईबाईच्या खानावळीत."

"टाप येटो?"

"नाही."

"डोकं डुखटं?"

"नाही."

"जीभ डाखव."

आनंदानं हनुवटीपर्यंत जीभ काढली आणि दगडूनंही काढली. सगळे हसले, मीसुद्धा हसले, आणि हसता हसता पदर तोंडात कोंबून रडले. तेव्हापासून रोज हे चाललं. जेवणं झाली की दगडू पातेलं घालायचा. आनंदा घडाघडा उत्तरं द्यायचा. पण गुणाजी म्हणाला ते खरं होतं, दगडूला कोण भितो? कोटवाला समोर उभा राहिला तर काय, ते बघायला हवं. आणि आमच्यात कोटवाला कोण?

मी शाळेवर गेले. शाळा ओस पडलेली. बाकांवर चारदोन पोरं, आणि मास्तर दारातच खुर्ची टाकून बसलेले, हातात कापराची पुरचुंडी, ती हुंगत. मला बघून खुर्ची मागे सरकवली. ह्यांनाही भीती वाटते हे बघून मला जरा धीर आला.

मी म्हटलं, "मास्तर, तुम्हांला माझ्याकडे यायचंय. माझ्या पोराला सगळ्यांत जास्त भीती तुमची वाटते, म्हणून तुम्हीच हवे."

रागावतील असं वाटलेलं. सगळं सांगितलं, नलूचं, शिपायाचं. मास्तरांनी पुरचुंडी खिशात घातली. मग म्हणाले, "छडी आणू का?" मी म्हटलं, "आणा."

ते आले. आमच्या हातचं पाणी त्यांना चालत नव्हतं, तेव्हा उंबऱ्यातच उभे राहिले, कोट, पगडी, छडी सगळं घेऊन. आनंदा वाढत होता. हातातली पळी तशीच राहिली.

"नाव काय तुझं?" मास्तरांनी विचारलं. आवाज मऊ काढला होता, तरी.

डोळे आढ्याला गेले. ओठ हलले. घोगरा आवाज आला आणि पोर झुलायला लागलं. मी पाहिलं, त्याच्या पायाखाली ओलं झालं होतं. मास्तरांनी पण पाहिलं. छडी त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली.

"शाळेत असाच उभा राहतो," ते हळूच म्हणाले. "मला हट्टीपणा वाटायचा."

तेवढ्यात कोपऱ्यातून, पिंपाजवळून, नाकातला आवाज आला. "काय रे गाढवा, नाव काय टुझं?"

आनंदाची मान वळली. द च्या खाली दगडू बसला होता, तोंडात घास तसाच. आनंदा म्हणाला, "आनंदा." आणि एकदा तोंड उघडलं ते मिटलं नाही. मास्तरांकडे बघत बघत सगळी उत्तरं दिली. जीभसुद्धा दाखवली त्यांना. मास्तरांना हसावं की काय करावं ते कळेना. जाताना भिंतीवरची अक्षरं बघितली, बोटानं एकेक दाखवत गेले, आनंदानं एकेक सांगितलं. म्हणाले, "शाळा भरली की पाठवा."

तेव्हा ठरलं. तपासणीवाले आले की पहिला प्रश्न दगडूनं टाकायचा. साहेब रागावला तर खुळा म्हणून माफी मागायची. दगडूला आम्ही बजावलं, कुठं जायचं नाही, गावाला तर नाहीच. तो म्हणाला, "माझ्यावाचून तुमचं पान हलत नाय हे आज कळलं व्हय?"

ते आले त्या दिवशी दुपारची सुट्टी झाली होती. माणसं गिरणीतून येऊन पंगतीला बसली होती. दगडू सगळ्यांच्या मागून आला, भिंतीला हात लावत लावत. मी ताट मांडलं, त्यानं ते सरकवलं. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. डोळे लाल झाले होते, नुसते इंगळ.

"दगडू," मी म्हटलं.

"गप बस, बाय," तो म्हणाला. जीभ टाळ्याला चिकटल्यासारखे शब्द निघाले. "सकाळपासून आहे. काखेत ठणकतंय."

त्याला बाहेर काढावं, पाणी द्यावं, पोराला घेऊन पळावं, काहीच कळेना. आणि त्याच क्षणी चाळीच्या तोंडाशी बुटांचा आवाज आला. राधाबाई तिच्या दारातून किंचाळली.

दगडू पिंपाजवळ सरकला. दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले, गार पाणी तोंडावर मारलं, ओलं फडकं डोक्याला गुंडाळलं आणि उष्टी भांडी पुढ्यात ओढून घासायला बसला. "मी बोलणार नाय," तो म्हणाला. "कामावरच्या बाप्याला कोण विचारतो? नुसते हात बघतात." मग आनंदाकडे बघितलं, आणि माझ्याकडे. त्याच्या मनात काय आलं ते मला कळलं, आणि माझ्या मनात काय आलं ते त्यालाही कळलं. मी मान खाली घातली. कोणती आई वर बघेल?

ते आत आले. डॉक्टर तरुणच होता, घामानं निथळलेला, दमलेला. सोल्जर दारात उभा राहिला. डॉक्टर पंगतीवरून चालत गेला, एकेकाचं मनगट धरून, डोळ्यांकडे बघून. गुणाजी झाला. रघुवीर झाला. दगडूनं मान खाली घालूनच पाण्यातला हात वर केला. डॉक्टरानं तो गार हात धरला, सोडला, पुढे सरकला. सुटला होता तो. मी देवाशपथ सांगते, दगडू सुटला होता.

मग डॉक्टर आनंदासमोर थांबला. खाली वाकून काहीतरी बोलला. कारकून म्हणाला, "नाव काय तुझं, बाळ?"

आनंदाचे डोळे आढ्याला गेले.

"नाव काय?" कारकून पुन्हा.

ओठ हलले. घोगरा आवाज निघाला. मी म्हटलं, साहेब, तो लाजतो, तो तसाच आहे, त्याला काही नाही. कारकून म्हणाला, तू बोलू नको. आनंदा झुलायला लागला. डॉक्टराचा चेहरा बदलला, तो सरळ उभा राहिला आणि त्यानं दाराकडे हात केला. सोल्जर आत आला. मी आनंदाच्या अंगावर पडणारच होते.

कोपऱ्यातून आवाज आला. जड, चिकट, शब्दाला शब्द अडकलेला, पण नाकातला. "काय रे... गाढवा. नाव काय... टुझं?"

आनंदाची मान वळली. "आनंदा," तो म्हणाला. स्पष्ट. मग डॉक्टराकडे बघून, "जाईबाईच्या खानावळीत."

पण डॉक्टर त्याच्याकडे बघतच नव्हता. तो कोपऱ्याकडे बघत होता, तो आवाज ऐकून. त्यानं बोटानं खूण केली, ऊठ. दगडू उठला. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकताना भिंत धरली, त्याच्या डोक्यावरचा द त्याच्या ओल्या हातानं पुसला गेला. तिसरं पाऊल त्याला टाकता आलं नाही.

"ताप येत नाही," आनंदा म्हणत होता. त्याला कुणी थांबवलं नव्हतं, म्हणून तो पुढे म्हणतच होता. "डोकं दुखत नाही."

दगडूला दोघांनी धरून उचलला. दारातून नेताना त्यानं मान वळवली. "जीभ राहिली रे," तो म्हणाला. आनंदानं जीभ काढली. डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं आणि जीभ हनुवटीपर्यंत बाहेर, आणि गाडीचं दार लागेपर्यंत त्यानं ती आत घेतली नाही.

आम्हां सगळ्यांना छावणीत नेलं. झोपड्या होत्या, चटया होत्या, पोर माझ्या कुशीत होतं. आमच्यात कुणाला काही झालं नाही. गुणाजी रोज फाटकावरच्या शिपायाला विचारायचा. एका सकाळी तो विचारून आला आणि आल्या आल्या डोक्यावरची टोपी काढून हातात धरून बसला. मला विचारावं लागलं नाही. ज्याच्याकडे बघू नये म्हणून आईनं असलं नाव ठेवलं, त्याला मरणानं नेमकं शोधून काढलं.

परत आलो तर खोलीला चुना मारून ठेवलेला, खालपासून वरपर्यंत पांढरी. पांढऱ्या भिंतीवर पांढरी अक्षरं कुठली दिसणार? आनंदानं भिंतीवरून हात फिरवला. पंगतीला मात्र पिंपाजवळची जागा सोडून वाढायचा. नवीन माणूस तिथं बसायला गेला की त्याचा हात धरून दुसरीकडे बसवायचा.

शाळा भरली तेव्हा मी त्याला सोडायला गेले. मास्तरांनी दगडूचं विचारलं, मी सांगितलं. पुढं ते आनंदाला काही बोलले नाहीत, मारलं नाही, पण तो उभा राहायचा तसाच. विचारणारं माणूसच गेलं होतं.

मग डिपुटीसाहेब आले. त्या दिवशी मी भात चुलीवरून उतरवून शाळेच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहिले. कोणी काही म्हटलं असतं तर बघून घेतलं असतं. डिपुटी खुर्चीवर, कोट, सोन्याची साखळी, मोठ्या मिशा. मास्तर खुर्चीच्या मागे हात जोडून उभे. पोरांबरोबर त्यांचाही निकाल आज लागायचा होता. आनंदाला पुढे बोलावलं. फळ्यावर अक्षरं होती. डिपुटीनं काठी एका अक्षरावर ठेवली. मी एवढे दिवस पंगतीत बघितलेलं, मला ते कुठंही ओळखू आलं असतं.

"हे कोणतं?"

आनंदाचे डोळे आढ्याला गेले. ओठ हलले. मला इस्पितळाची गाडी दिसायला लागली, त्या भर दुपारी, शाळेत. तो झुलायला लागला.

"मास्तर, हा मुलगा—" डिपुटी म्हणाले.

खुर्चीच्या मागून आवाज आला. नाकातला, वेडावाकडा, ज्याला जमत नाही त्यानं काढल्यासारखा.

"काय रे गाढवा, नाव काय टुझं?"

डिपुटी वळून बघायला लागले. मास्तरांचं तोंड लालबुंद झालं होतं, पगडीखालून घाम येत होता, पण ते आनंदाकडेच बघत होते. आनंदानंही त्यांच्याकडे बघितलं.

"आनंदा," तो म्हणाला. मग काठीच्या टोकाकडे बघितलं. "द. दगडूमामाचा द." आणि काठी पुढे सरकायच्या आधी पुढची सगळी सांगून टाकली, एकामागून एक, पंगतीत बसायची त्या क्रमानं नव्हे, फळ्यावर होती त्या क्रमानं.

"हा काय प्रकार आहे, मास्तर?" डिपुटींनी विचारलं.

"काही नाही, साहेब," मास्तर म्हणाले. "आमच्याकडे असंच विचारतात."

मी तिथंच उंबऱ्यावर बसले आणि दगडूसाठी पोटभर रडून घेतलं. तोवर मला सवडच झाली नव्हती.